पाचवा गडी

काही शब्दांचा प्रवास मोठा मौजेचा असतो. 'जंगल' हा शब्द घ्या. संस्कृतात 'जांगल' म्हणजे रुक्ष, विरळ झाडीचा, अल्प पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदाचे आचार्य भूमीचे वर्गीकरण करताना जांगल देश आणि पाणथळ असा आनूप देश यांना परस्परविरुद्ध मानतात. पुढे आपल्या देशी भाषांत याच शब्दाला दाट रानाचा अर्थ आला. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलून आपल्या भाषेत नेला. आणि आता तोच शब्द संगणकावरील एका खेळातून, 'जंगलर' असे नवे रूप घेऊन, आपल्या घरातील मुलांच्या तोंडी परत आला आहे. हा जंगलर कोण, तो करतो काय, आणि त्याच्या वाट्याला येते काय, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

खेळाचे नाव 'लीग ऑफ लेजंड्स'. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने तो ऑक्टोबर २००९ मध्ये लोकांपुढे आणला. पाच जणांचे दोन पक्ष आपापल्या घरी किंवा रंगमंचावर संगणकापुढे बसतात आणि प्रत्येक जण दीडशेहून अधिक काल्पनिक वीरांतून आपला एक वीर निवडून घेतो. पट चौरस असून त्याच्या एका कोपऱ्यात एका पक्षाचे ठाणे व समोरच्या कोपऱ्यात दुसऱ्याचे असते. दोन ठाण्यांना जोडणाऱ्या तीन वाटा आहेत: एक पटाच्या वरच्या कडेने जाते, एक सरळ मधून, आणि एक खालच्या कडेने. वाटांवर बुरूज आहेत. दोन्ही ठाण्यांतून प्याद्यांच्या तुकड्या ठरावीक वेळाने आपोआप निघतात आणि वाटेत एकमेकींना भिडतात. शत्रूच्या ठाण्यातील नेक्सस नावाचा गाभा जो फोडील तो जिंकला. या तीन वाटांच्या दरम्यान जी भूमी उरते ती जंगल, आणि त्या जंगलातून पटाला तिरपी छेदीत एक नदी जाते.

आता पाच गड्यांची वाटणी पाहा. वरच्या वाटेवर एक, मधल्या वाटेवर एक, खालच्या वाटेवर दोघे. हे झाले चार. पाचव्याला वाट नाही. तो रानात फिरतो.

ही वाटणी खेळाच्या कर्त्यांनी आखून दिलेली नव्हती, ती खेळाडूंनीच शोधून काढली. २०११ च्या जून महिन्यात स्वीडनमधील योन्शोपिंग गावी पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती युरोपातील फ्नॅटिक या संघाने जिंकली, आणि ही युरोपीय पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. तिच्यामागचा हिशेब अगदी संसारी आहे. प्यादे मारले की सोने व अनुभव मिळतो. पण एका वाटेवर दोघे उभे राहिले की तीच मिळकत दोघांत विभागली जाते. उलट रानात श्वापदे असतात आणि त्यांना मारले तर त्यांचेही सोने मिळते. तेव्हा एकाने वाट सोडून रानावर पोट भरले, तर घराची एकूण मिळकत वाढते. एकत्र कुटुंबातील एका भावाने वडिलार्जित शेत इतरांवर सोपवून पडीक जमीन कसावयास घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

आट्यापाट्या खेळलेल्या श्रोत्यांना याहून जवळचा दृष्टान्त देता येईल. त्या खेळात बाकीचे गडी आपापली आडवी पाटी धरून उभे असतात आणि सूर मात्र मधल्या उभ्या पाटीवरून सर्वांच्या पाट्या छेदीत धावतो. जंगलर हा या पटावरचा सूरच होय. फरक इतकाच की आपला सूर सर्वांना दिसतो आणि हा कोणाला दिसत नाही.

या न दिसण्यातच त्याचे सारे मर्म आहे. पटावर धुके पसरलेले असते. आपल्या पक्षाचा मनुष्य, बुरूज वा प्यादे जेथे असेल तेवढाच भाग दिसतो, बाकीचा अंधूक राहतो. वाटेवरचे गडी समोरासमोर उभे असल्यामुळे त्यांची एकमेकांवर सतत नजर असते. जंगलर मात्र अकस्मात झाडीतून बाहेर येतो आणि एकास एक चाललेल्या लढतीचे एकास दोन करून टाकतो. या छाप्याला खेळाडू 'गँक' म्हणतात. गनिमी काव्याची परंपरा सांगणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे मोल वेगळे समजावून द्यावयास नको. ओळखावयाचे ते हे की छापा न घालताही तो काम करीत असतो. तो कोठे आहे हे ठाऊक नसेल तोवर शत्रूचे चौघेही जपून पावले टाकतात, नदीच्या जवळ येण्यास कचरतात, आणि चार प्यादी सोडून मागे हटतात. एका मनुष्याचे भय एकाच वेळी तिन्ही वाटांवर पहारा करते. तो एका वाटेवर दिसला की उरलेल्या दोन वाटा त्या क्षणी भयमुक्त होतात. म्हणून उगीच तोंड दाखविणे हा जंगलरचा मोठा दोष मानला जातो.

त्याचा दिवसाचा क्रम, म्हणजे डावाचा क्रम, असा असतो. प्रत्येक पक्षाच्या रानात श्वापदांची सहा ठाणी आहेत. त्यांत लांडगे आहेत, चोचीचे रॅप्टर आहेत, दगडी अंगाचे क्रग आहेत, बेडकासारखा एक स्थूल प्राणी आहे, आणि निळा व तांबडा असे दोन राखणदार आहेत. या दोघांना मारणाऱ्याला काही काळ विशेष शक्ती प्राप्त होते. मारलेली श्वापदे काही वेळाने पुन्हा उपजतात, राखणदारांना पाच मिनिटे लागतात. कोठून आरंभ करावा, कोणत्या क्रमाने जावे, आणि तिसरे किंवा चौथे ठाणे संपेल तेव्हा आपण कोणत्या वाटेच्या तोंडाशी असू, हे त्याने डाव सुरू होण्यापूर्वीच मनाशी ठरवावे लागते. एक छापा फसला म्हणजे केवळ तो छापा फसत नाही. तेवढ्या वेळात रानातली श्वापदे न मारता उभी राहतात, आणि समोरचा जंगलर एका ठाण्याने पुढे जातो. त्याची शिल्लक सोन्याची नसते, सेकंदांची असते.

समोरच्या जंगलरचा माग काढणे हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. वाघ प्रत्यक्ष दिसण्यापूर्वी पाणवठ्यावरचे ठसे आणि माकडांचा कालवा वाचून त्याची वाट ओळखणारे रानकरी आपल्याकडे होऊन गेले. येथेही तसेच आहे. डावाच्या आरंभी शत्रूचे खालच्या वाटेवरचे दोघे आपल्या जागी किंचित उशिरा पोहोचले, तर त्यांनी आपल्या जंगलरला पहिल्या श्वापदासाठी हात दिला असला पाहिजे. म्हणजे त्याने खालून आरंभ केला आणि आता तो वर येत असणार. तो एखाद्या क्षणी दृष्टीस पडला, तर फलकावर त्याच्या नावापुढे असलेला आकडा वाचावयाचा. प्रत्येक ठाण्याचे चार अंक धरतात. बारा दिसले म्हणजे तीन ठाणी झाली. कोणती तीन, कोणत्या क्रमाने, आणि आता कोणते राहिले, हा पुढचा तर्क. हे सर्व दोन-तीन सेकंदांत, हात दुसरेच काम करीत असताना करावयाचे असते. मला या खेळातील रक्तपाताचे फारसे कौतुक नाही. पण पंधरासोळा वर्षांचे मूल इतक्या अल्प पुराव्यावरून अनुमान बांधते आणि त्यावर आपला जीव पणाला लावते, हे पाहून न्यायशास्त्राच्या अध्यापकालाही आनंद व्हावा.

नदीच्या कुशीत ड्रॅगन आणि बॅरन नॅशर हे दोन महाप्राणी असतात. ('नॅशर' या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली की 'रोशन' होते, आणि तो 'डोटा' या पूर्वीच्या खेळातला महाप्राणी. ग्रंथकर्त्याने पूर्वसूरींना वंदन करावे तसे हे आहे.) यांना सर्वांनी मिळून मारावयाचे असते, परंतु फळ मिळते ते ज्याचा अखेरचा घाव त्याच्याच पक्षाला. जंगलरजवळ 'स्माइट' नावाचा एक नेमका घाव असतो आणि तो नेमका याच कामासाठी राखून ठेवावयाचा असतो. पाच जणांनी अर्धे मिनिट झुंजून दमविलेला प्राणी शत्रूच्या जंगलरने भिंतीवरून उडी घेऊन शेवटच्या निमिषात पळविला, असे जागतिक सामन्यांतही घडते. आठ जणांचे श्रम त्या वेळी दोघांच्या बोटांवर तोललेले असतात.

परंतु मला विचाराल तर जंगलरची खरी कसोटी शत्रूशी नसते, ती स्वकीयांशी असते. तिन्ही वाटांवरून त्याला एकाच वेळी हाका येतात. त्याच्याकडे वेळ मात्र एकाच वाटेपुरता असतो. तेव्हा कोणाला साहाय्य करावे, यापेक्षा कोणाला आज वाऱ्यावर सोडावे, हेच त्याला ठरवावे लागते. वाईट हे की शहाणपणाचे उत्तर बहुधा कठोर असते. जो बुडतो आहे त्याला काढावयास जाणाराही पुष्कळदा बुडतो. म्हणून जिंकणाऱ्याला अधिक बळ द्यावे आणि हरणाऱ्याला त्याच्या बुरुजाखाली टिकून राहावयास सांगावे, हाच सामान्यतः लाभाचा मार्ग असतो. ज्याला सोडले त्याला हे पटावे कसे? घरोघरी चालणाऱ्या सामान्य डावांत हे पाच जण बहुधा एकमेकांना अनोळखी असतात, एकमेकांचे मुखही त्यांनी पाहिलेले नसते. वाट हरली की तेथला गडी आपला दोष पाहत नाही. तो लिहितो, "जंगलर कोठे आहे?" आणि डाव हरला की 'जंगलचा फरक' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द फेकून मोकळा होतो. त्या शब्दांपुढे शिव्या जोडणारेही थोडे नाहीत. ज्या कामाचा बराचसा भाग न दिसण्यात आहे, त्याचा हिशेब इतरांपुढे मांडणे अवघडच. टळलेले संकट मोजले जात नाही.

या भूमिकेचे मोल ज्याने दोन्ही बाजूंनी जाणले असा एक खेळाडू दक्षिण कोरियात झाला. त्याचे नाव कांग चान-योंग, खेळातले नाव 'अँबिशन'. तो आरंभी जंगलर नव्हताच. मधल्या वाटेवरचा तो कोरियातील अग्रगण्य वीर होता, आणि २०१२ च्या वसंतात त्याच्या संघाने तेथील पहिली 'चॅम्पियन्स' स्पर्धा जिंकली होती. एप्रिल २०१३ मध्ये त्याच्यासमोर एक नवखा मुलगा आला. तो मुलगा अजून सतरा वर्षांचाही झाला नव्हता, आणि तो त्याचा पहिलाच अधिकृत सामना होता. त्या मुलाने अँबिशनला एकास एक गाठून सर्वांसमक्ष मारले. मुलाचे नाव ली सांग-ह्योक, म्हणजेच 'फेकर'. त्याची कीर्ती पुढे जगभर झाली, आणि त्या कीर्तीच्या प्रत्येक चित्रफितीत आरंभी मरणारा म्हणून अँबिशनचे नाव कायमचे जोडले गेले.

पुढे अँबिशनने मधली वाट सोडली. २०१४ च्या अखेरीस तो जंगलात शिरला, आणि २०१६ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी या संघाकडून खेळू लागला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील जागतिक अंतिम सामन्यात त्याची गाठ पुन्हा फेकरच्या संघाशी पडली. पहिले दोन डाव हरून सॅमसंगने बरोबरी साधली आणि पाचवा डाव गमावला. त्या विजयी संघातही एक विलक्षण जंगलर होता: 'बेंगी', म्हणजे बे सॉंग-उंग. आदल्याच आठवड्यात, न्यूयॉर्क येथील उपान्त्य सामन्यात, त्याचा संघ एकास दोन असा मागे असताना चौथ्या डावासाठी त्याला बाकावरून उठविण्यात आले, आणि त्याने अधिकृत सामन्यात कधीही न खेळलेला निडाली हा वीर घेऊन तो डाव वाचविला. फेकरसह तीन जागतिक विजेतेपदे पहिल्यांदा मिळविणारा दुसरा मनुष्य हाच.

मग ४ नोव्हेंबर २०१७ हा दिवस आला. स्थळ बीजिंगचे राष्ट्रीय क्रीडागार, समोर पुन्हा तोच संघ, तोच फेकर. या वेळी सॅमसंगने तीनही डाव जिंकले. अँबिशनचा खेळ डोळे दिपविणारा नव्हता. धिम्या गतीने रान ताब्यात घ्यावे, जागोजागी टेहळणीच्या खुणा रोवाव्यात, शत्रूला अंधारात आणि स्वकीयांना उजेडात ठेवावे, आणि घाई करू नये, अशी त्याची रीत. शेवटच्या डावात खालच्या वाटेच्या 'रूलर'ने झेप घेऊन फेकरला साखळीत पकडले, आणि तेथेच सामना संपला. फेकर आपल्या आसनावरच रडत राहिला. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान रूलरला मिळाला, आणि तो योग्यच होता. चषक उचलणाऱ्यांत मात्र कर्णधार म्हणून अँबिशन होता.

यावरून जंगलरच्या कपाळी नेहमीच उपेक्षा लिहिलेली असते असे म्हणता येणार नाही. लगेच पुढच्या तीन वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये इंचॉन, २०१९ मध्ये पॅरिस व २०२० मध्ये शांघाय येथे, हाच मान क्रमाने निंग, तिआन आणि कॅन्यन या तीन जंगलरांना लाभला. त्यांपैकी कॅन्यन तर रानातूनच इतकी संपत्ती गोळा करी की संघाचा मुख्य योद्धाही तोच ठरे. म्हणजे काळ बदलला की सेवकाचाही धनी होतो. त्यानंतर मात्र २०२१ पासून २०२५ पर्यंतच्या पाच अंतिम सामन्यांत तो मान एकाही जंगलरकडे आला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला पदकाचे स्थान मिळाले. कोरियाने सुवर्णपदक नेले. भारताचा संघही तेथे उतरला होता आणि उपान्त्यपूर्व फेरीत तो व्हिएतनामकडून हरला. तेव्हा हा खेळ आपला नव्हे असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

घरातील मुलगा किंवा मुलगी असा एखादा सामना पाहत असेल, तर श्रोत्यांनी थोडा वेळ शेजारी बसावे. मोठ्या चित्राकडे पाहू नये, त्यातील चकमकाट नवख्याला कळत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा असतो. त्यात कोणत्याच वाटेवर नसलेली दोन चिन्हे असतात, एक एका पक्षाचे आणि एक दुसऱ्याचे. त्यांच्यावर दृष्टी ठेवावी. ती आपापल्या रानातून वळणे घेत जातात, थांबतात, पुन्हा निघतात. मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाच्या सुमारास कधी कधी असे होते की दोन्ही चिन्हे एकाच वाटेकडे वळतात, एक या बाजूच्या झाडीतून, दुसरे त्या बाजूच्या. वाटेवर झुंजणाऱ्या दोघांना आपला साथी येत असल्याचे ठाऊक असते, शत्रूचा येत असल्याचे नसते. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही दिसतात.