आधी खराटा, मग कीर्तन

मायबाप हो, गाडगेबाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊन. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात गाडगं. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. बाबांनी १९५६ साली देह ठेवला, पण हा क्रम ध्यानात घ्या. आपण आधी भाषण करतो, फलक लावतो, शपथ घेतो, खराटा कोपऱ्यातच!

कचऱ्याचंही तसंच. ओला निराळा, सुका निराळा, असा नियम देशात २०१६ साली आला. शाळेत लेकरं त्याची चित्रं काढतात. घरी येऊन बघतात तर आई भाताची शितं नि दुधाची पिशवी एकाच बादलीत टाकते. सांगा, लेकरू चित्रातनं शिकेल का आईच्या हातातनं?

पुण्यात कचरावेचक बायांची ‘स्वच्छ’ म्हणून सहकारी संस्था आहे, २००८ पासूनची. या माउल्या दारोदार कचरा घेतात. आमटी सांडलेली रद्दी भंगारवाला घेत नाही, कोरडी घेतो. त्या चार पैशांवर तिची चूल. आणि आपण सॅनिटरी पॅड, लेकरांचे डायपर तसेच उघडे टाकतो! ते उचलायला हात कुणाचा? म्हणून त्यांनी सांगितलं, कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की तिला कळतं, हे उघडायचं नाही. बघा, केवढंसं शिक्षण! पण रोज सकाळी शिकवणारी दारात उभी असते, तिचं तोंड दिसतं. मग हात आपोआप थांबतो. फलकाला तोंड नसतं हो.

माउलींची नि तुकोबारायांची पालखी पुण्यातच मुक्कामाला असते. आपण लाखो माणसं जेवतो, पाणी पितो, पुढं निघतो. मागं राहिलेल्या पत्रावळी, बाटल्या वेचायला कोण वाकतं, हे आपण कधी वळून पाहिलं? टाळ वाजवणारे हात आहेत, वाकायला काय झालं?

तर वाचणाऱ्या माउली, यंदा दिंडीत येताना घरून ताट नि तांब्या घ्या. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा तुटू देऊ नका; तो बारका तुकडा वेचता येत नाही. पंगत उठली की खरकटं एका बाजूला, बाटल्या पोत्यात. पोतं धरायला मी उभा राहतो. कीर्तन त्यानंतर.