मुक्या सोबत्याबरोबर गडावर

मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघर गडावर जाण्याचे बेत शिजू लागतात. डबा कोणी आणायचा, गाडी कोणाची घ्यायची, अशी चर्चा रंगात आलेली असते. तेवढ्यात घरातले एखादे मूल म्हणते, "मग मोत्यालाही नेऊ या की!" मोत्या शेपटी हलवतो आणि ठराव एकमताने पास होतो. हौस चांगलीच आहे. पण या ठरावावर मोत्याची जी सही असते ना, ती मात्र फारशी खरी धरू नये. का, तेच आज सांगायचे आहे.

महाप्रस्थानाच्या वेळी पांडवांच्या मागे एक कुत्रा निघाला होता, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. वाटेत द्रौपदी पडली, एकामागून एक भाऊ पडले. कुत्रा मात्र शेवटपर्यंत चालत राहिला. त्याला टाकून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, म्हणून आपण धर्मराजाचा थोरपणा वाखाणतो. पण त्या कथेतला कुत्र्याचा स्वभावही तितकाच खरा आहे. धनी चालतो आहे तोवर कुत्रा चालतो. 'मी दमलो, आता पुरे' असे तो म्हणत नाही. त्याची ही निष्ठाच उन्हाळ्यात त्याच्या जिवावर बेतते. म्हणून थांबायचे केव्हा, हे त्याच्या वतीने आपण ठरवायचे, आणि तेही घरून निघण्यापूर्वी.

आपल्याला ऊन लागले की सर्वांगाला घाम येतो आणि वाऱ्याने अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो काय तो पंजाच्या तळव्यांना. बाकी सारा भार जिभेवर आणि धापेवर. हवाच तापलेली असली, की ही धापही पुरी पडत नाही. त्याच्या शरीराचे नेहमीचे उष्णतामान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५-१०६ च्या वर गेले, की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना इजा होऊ लागते. बसक्या नाकाचे पग आणि बुलडॉग, दाट केसांचे थंड मुलखातले कुत्रे, म्हातारे, लठ्ठ आणि अगदी लहान पिल्ले यांना उन्हाळ्यात गडावर नेऊच नये. आपला गावठी कुत्रा किंवा कारवानी जातीचा कुत्रा त्या मानाने काटक. पण काटक म्हणजे अमर नव्हे!

आता जागेची निवड. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्ये आहेत. वासोटा कोयनेच्या अरण्यातच येतो. तिकडे मोत्याला नेण्याचा विचार सोडून द्यावा. हा वनखात्याचा नुसता हट्ट नव्हे. कुत्र्याच्या चाहुलीने जमिनीवर घरटी करणारे पक्षी उठतात, आणि कुत्र्यांचे रोग रानात शिरतात. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, त्यामागे डिस्टेंपर हा मुख्यतः कुत्र्यांत आढळणारा रोग होता, हे आपण वाचले असेल. बाकीच्या गडांवरही आधी चौकशी करावी, आणि नाही म्हटले तर वाद न घालता परतावे.

उदाहरणादाखल आपण सिंहगड घेऊ. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून थोडा अधिक उंच, पुणे सुमारे साडेपाचशे. त्यामुळे माथ्यावर पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार वाटते. हाच गारवा फसवा. आपण सकाळी चढतो तेव्हा थंड हवेकडे जात असतो. उशिरा उतरू लागलो, की दर पावलागणिक तापत्या हवेत शिरतो, आणि तेही दमलेल्या कुत्र्याला घेऊन. तेव्हा बेत उलट्या बाजूने आखावा. साडेनऊला पायथा गाठायचा, म्हणजे आठला माथा सोडायचा. म्हणजे सव्वासातपर्यंत वर पोचायचे. म्हणजे पावणेसहाच्या सुमारास आतकरवाडीहून चढू लागायचे. मग त्याहूनही आधी, अंधारातच का निघू नये, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर बिबट्या. अकोले भागात झालेल्या अभ्यासात कुत्रा हेच बिबट्याचे प्रमुख भक्ष्य असल्याचे आढळले आहे. म्हणून झुंजुमुंजु होऊन वाट दिसू लागली, की निघावे.

पाण्याचा हिशेब माणसांच्या हिशेबात मिसळू नये. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला लिटरभर पाणी लागते. चढावर त्याच्या दुप्पट धरावे आणि अंगावर ओतण्यासाठी आणखी एक बाटली ठेवावी. पिण्यासाठी एक पसरट वाडगा घ्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाजावे. एकदम पोटभर नको. गडावरच्या टाक्यांत मात्र त्याला उतरू देऊ नये, तोंडही लावू देऊ नये. ते पाणी कोणी तरी पीत असते. आपल्या लाडक्याची आंघोळ दुसऱ्याच्या हंड्यात व्हावी, हे काही बरे नव्हे.

गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला बळकट दोरी, ही तर हवीच. 'आमचा काही करत नाही हो' हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. वाटेवर शेरडे चरत असतात, लहान मुले असतात, गावचे कुत्रे आपली हद्द राखून असतात. एखादी गाभण शेळी घाबरून कड्यावरून गेली, तर ज्याचे पोट तिच्यावर आहे, त्याने काय करावे? शिवाय सह्याद्रीत दगडांखाली फुरसे असते, आणि कुत्रा जग ओळखतो ते नाकाने. दोरी आखूड ठेवून त्याला मळलेल्या वाटेवरच चालवावे. कड्याला आग्या मोहोळ दिसले, तर गाजावाजा न करता लांबूनच निघून जावे.

खडकाचीही परीक्षा घ्यावी. आपला काळा कातळ तव्यासारखा तापतो. हाताची पालथी बाजू सात सेकंद खडकावर टेकून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर अनवाणी चालणाऱ्याला कसे सोसेल?

खाण्याचे बोलायचे तर, गडावरची कांदाभजी ही आपल्यासाठी. कुत्र्याला कांदा हे विष आहे. त्याने रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडे बिघडतात, चॉकलेटही वर्ज्य. आणि दिवस आंब्याचे, म्हणून सांगतो: कोय गिळली, तर आतड्यात अडकते. घरची भाकरी थोडी बांधून न्यावी, आणि तीही चढ संपल्यावर, विसाव्याला द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. जीभ रुंद होऊन लालभडक झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, तो सावली पाहून आडवा पडला, किंवा त्याला ओकारी झाली, तर 'आता थोडेच राहिले' हे शब्द उच्चारू नयेत. जागच्या जागी सावलीत घ्यावे. सर्वांगावर, विशेषतः पोटाखाली आणि जांघेत, साधे पाणी ओतावे आणि वारा घालावा. ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये. त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल, तर घोट घोट पाणी द्यावे. आधी अंग थंड करावे आणि मग पशुवैद्याकडे धाव घ्यावी; तरतरी आली, तरीही दाखवावेच. त्याला खाली आणायचे कसे, हाही प्रश्न घरीच सोडवावा. वीस किलोचे ओझे एकट्याने हातांवर घेऊन उतरणे अवघड आहे. जाड चादरीची झोळी करून दोघांना ते जमते. म्हणून एक चादर आणि दोन धडधाकट माणसे, याहून कमी तयारीने जाऊ नये. जवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांकही लिहून घ्यावा.

रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी, हे वेगळे सांगायला नकोच. घरी आल्यावर कान, बगला, बोटांच्या बेचक्या तपासून गोचिडी काढाव्यात. त्यांच्यापासून रक्तात शिरणारा ताप कुत्र्याला हळूहळू पोखरतो.

इतके सारे वाचून आपण म्हणाल, मग नेऊच नये की काय? जरूर न्यावे. पहाटेच्या वाऱ्यात नाक वर करून उभ्या राहिलेल्या कुत्र्याचा आनंद पाहण्यासारखा असतो. पण आदल्या दिवशीच हवा कोंदट असेल, निघायला उशीर झाला असेल, किंवा मन जरा जरी कचरत असेल, तर त्याला घरच्या गार फरशीवर निजू द्यावे. तो अर्धा दिवस रुसेल आणि आपण परत आलो, की विसरेल. गड कोठे जात नाही. मार्गशीर्षातली थंडी दरवर्षी येतेच. सोबती मात्र दहा-बारा वर्षांसाठीच आपल्याकडे आलेला असतो, त्यातले एकही वर्ष आपल्या हौसेपायी कमी होऊ नये.