शेवाळ खाणाऱ्या माशालाही चारा लागतो

आज आम्ही तिघी आमच्या बचत गटातर्फे तुमच्याशी बोलायला आलो आहोत. शेळी, कोंबडी, गांडूळखत याबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळ ऐकलं. आज मात्र आम्ही बोलणार आहोत काचेच्या टाकीत पाळलेल्या समुद्री माशाबद्दल. हसू नका हं, शेवटपर्यंत ऐका.

तालुक्याच्या गावी एका घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. घरची माणसं कामानिमित्त सारखी बाहेर असतात, म्हणून टाकीची देखभाल आमच्या गटाकडे आली. आम्ही तिघी पाळीपाळीने जातो, ठरलेले पैसे गटाच्या खात्यात जमा होतात. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका. मासा ओळखायला, साफ करायला, विकायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण मासा जगवायचा कसा, हे मात्र शिकावं लागलं. आणि ते शिकलो एका चुकीतून.

त्या घरी यलो टँग नावाचा मासा आणला होता. हळदीसारखा पिवळा, पापलेटसारखा चपटा, पुढे टोकदार तोंड. तो शेवाळ खातो असं आम्हाला कळलं. आम्ही म्हटलं, झालं, काच घासायचं काम वाचलं! काचेवर तपकिरी थर होता, तोच तो खाईल, वेगळं काही घालायला नको. पहिले काही दिवस तो टोचत फिरायचा. मग काच स्वच्छ झाली आणि आम्ही खूश झालो. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा पडला. एका सकाळी तो तळाशी मेलेला सापडला. घरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला खायला काय घालत होता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. काम जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आपल्या भरवशावर असलेलं जनावर आपल्या हातून उपाशी मेलं.

मैत्रिणींनो, अंगणातलं गवत संपलं की आपण शेळीला तसंच बांधून ठेवतो का? नाही ना. पाला आणून घालतोच. हा मासाही शेळीसारखाच चरणारा. हवाई बेटांच्या समुद्रात तो दिवसभर प्रवाळाच्या खडकांवरचं शेवाळ खुडत असतो. त्यामुळे प्रवाळ शेवाळाखाली गुदमरत नाही. तिथल्या कासवांच्या पाठीवरचं शेवाळही हे मासे खातात. समुद्रात त्याचं कुरण संपत नाही, टाकीतलं मात्र चार दिवसांत संपतं. म्हणून तो काही टाकीचा झाडूवाला नव्हे. तो चारा खाणारा जीव आहे, आणि चारा आपणच घालायचा आहे.

आता टाकीत दुसरा यलो टँग आहे, पण तो समुद्रातून पकडलेला नाही. तो केंद्रात अंड्यातून वाढवलेला आहे. हा फरक समजून घेण्यासारखा आहे. हे मासे पूर्वी हवाईच्या समुद्रातून फार मोठ्या संख्येने पकडून जगभर विकले जात. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पर्यावरणावर काय परिणाम होतो हे तपासल्याशिवाय अशा मासेमारीला परवाने देऊ नयेत. त्याआधीच, 2015 मध्ये, हवाईमधल्या ओशॅनिक इन्स्टिट्यूट या संस्थेने हा मासा बंदिस्त पाण्यात अंड्यापासून वाढवून दाखवला होता. त्यामागे अनेक वर्षांची खटपट होती. याचं अंडं एक मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यातून निघालेल्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक, की त्याला डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पाण्यातले किडे खायला द्यावे लागतात. पिल्लू सुरुवातीला काचेसारखं पारदर्शक असतं. पिवळा रंग धरायला त्याला दोनेक महिने लागतात.

असा वाढवलेला मासा लहानपणापासून टाकीत राहिलेला असतो, माणसाच्या हातचं दाणाखाद्य ओळखतो. जाळ्यातून आलेल्या माशासारखा तो बुजत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यापायी समुद्रातला एक मासा कमी होत नाही. मात्र तो येतो तेव्हा फार लहान असतो, तान्ह्या पोरासारखा. त्याला थोडंथोडं, दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. पहिलं, चारा. समुद्री शेवाळाचे पापडासारखे वाळवलेले पातळ कागद मिळतात, त्यांना नोरी म्हणतात. मीठ, तेल, मसाला न लावलेलेच घ्यायचे. त्याचा तुकडा चिमट्याने काचेला आतून लावतो. मासा दिवसभर खुडत राहतो. संध्याकाळी उरलेला तुकडा काढून टाकतो, नाहीतर पाणी नासतं. जोडीला शेवाळयुक्त दाणे.

दुसरं, जागा. हा मासा वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि सतत पोहतो. त्याला निदान चार फूट लांब, चारशे लिटरच्या आसपास पाण्याची टाकी हवी. लहान भांड्यात ठेवणं म्हणजे म्हशीला न्हाणीघरात बांधण्यासारखं.

तिसरं, पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यासाठी टाकीचं वेगळं मीठ मिळतं, स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. एक गोष्ट आम्हाला मिठागरामुळे लगेच कळली. ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. टाकीतही तेच होतं. म्हणून पातळी उतरली की वरून शुद्ध गोडं पाणी घालायचं, खारं नाही. खारं घालत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस अधिकच खारट होत जातं.

चौथं, घाई नको. नव्या टाकीत माशाची घाण पचवणारे सूक्ष्म जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दही विरजल्याशिवाय लागत नाही, तसंच हे. त्याआधी मासा सोडला तर स्वतःच्याच घाणीच्या विषाने तो मरतो. नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहायचा, कारण या जातीला अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग पटकन होतो.

पाचवं, वीज. वीज गेली की पंप बंद पडतो आणि माशाचा श्वास कोंडतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आम्ही कायम चार्ज करून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यानेच मासा वाचवला.

आणि हात घालताना जपून. याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा काटा असतो, वस्तऱ्यासारखा धारदार. आमच्यातल्या एकीने त्याचा प्रसाद घेतला आहे.

मैत्रिणींनो, कुणी असं काम तुमच्या गटाला देऊ केलं किंवा घरात कुणी हौस केली, तर आधी दोन प्रश्न विचारा. मासा वाढवलेला आहे की पकडलेला, आणि तो कागदावर लिहून देता का? प्रवाळाचे खडक कुणी विकायला आणले तर घेऊ नका. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. मासा नकोसा झाला म्हणून समुद्रात सोडू नका, तो इथला नाही. हा मासा तीस वर्षांहूनही जास्त जगू शकतो. म्हणजे आज आणलेल्या माशाला कदाचित उद्या आपली सून चारा घालेल. एवढी तयारी असेल तरच आणा. नसेल तर दुरून पाहण्यातही आनंद आहे.

आमचं काम गेलं नाही. आम्ही चूक कबूल केली, शिकून घेतलं, आणि भिंतीवर एक वही टांगली. कुणी किती वाजता काय घातलं, पाणी किती वाढवलं, हे तिघीही त्यात लिहितो. आज कुणी विचारलं, "काय घालता खायला?" तर उत्तर वहीत आहे. तुमच्या गोठ्यासाठी, खुराड्यासाठीही अशी वही घाला. मुकं जनावर मागू शकत नाही. आपणच आठवण ठेवायची.

पुन्हा भेटू. नमस्कार!