एका वेळी एकच फरक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तुम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. आज मात्र तुम्हाला खाडीकाठच्या भातशेतीत नेणार आहे. रायगड जिल्ह्यात पेणजवळ धरमतरची खाडी, रोह्याकडे कुंडलिकेची. भरतीचे पाणी बांध घालून अडवले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी खारजमीन लागवडीला आणली. बांधाला खांड पडली की शेतात मीठ शिरते. पीक कोणते? भात.

आता गंमत पहा. मोजून पाहिले तर कापूस भातापेक्षा पुष्कळ जास्त मीठ सोसतो. ज्वारीसुद्धा जास्त सोसते. मग खाऱ्या जमिनीत नाजूक भात का, आणि दणकट कापूस का नाही?

कारण तिथे मीठ एकटे नसते. पावसाळ्यात शेत गोड्या पाण्याने भरते आणि ते पाणी मीठ धुऊन खाली नेते. भाताच्या अंगात पोकळ नळ्या असतात, त्यांतून मुळांना हवा पोचते. म्हणून भात साचल्या पाण्यात उभा राहतो. कापसाची मुळे गुदमरतात.

पण पीक मिठाने गेले की पाण्याने, हे बांधावरून नुसते बघून कसे कळणार? जीवशास्त्रज्ञ कुंड्या घेतो. माती तीच, बी तेच, ऊन तेच. पहिलीत मीठ नाही, पाणीही साचलेले नाही. दुसरीत फक्त मीठ. तिसरीत फक्त साचलेले पाणी. चौथीत दोन्ही. एखादी कुंडी उंदीर खाईल, म्हणून प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा. मग मोजायचे आणि लिहून ठेवायचे. जीवशास्त्राची सुरुवात इथे होते, सूक्ष्मदर्शक नंतर येतो.

यात शेतकऱ्याचाही वाटा आहे. खारजमिनीतला शेतकरी 'राता' भाताचे बी राखत आला. त्यातून निवडलेल्या 'भुरा राता ४-१०' चा 'आयआर-८' शी संकर करून शास्त्रज्ञांनी खारजमिनीसाठी 'पनवेल-१' हा वाण काढला.

आता आपल्या बांधावर या. दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. "अमक्याने फवारले, बोंडे दुप्पट लागली." लागली असतील. पण त्या साली पाऊस कसा होता? जमीन काळी की मुरमाड? शेजारी न फवारलेल्या ओळी होत्या का? नसतील, तर बोंडे बाटलीने लागली की पावसाने, हे दुकानदारालाही ठाऊक नाही. पैसे मात्र तुमचे गेले.

तेव्हा या हंगामात एवढे करा. एकाच वाणाच्या सहा ओळींवर टॉनिक फवारा, शेजारच्या सहा ओळींवर नुसते पाणी. शेतात तीन ठिकाणी असे करा, बांधालगतच्या ओळी सोडा. खत, निंदणी, डवरणी दोन्हीकडे सारखी. वेचणी वेगळ्या पोत्यांत, वजन वहीत. जास्त निघालेल्या कापसाचे पैसे बाटली आणि मजुरी यांच्यापेक्षा कमी भरले, तर पुढच्या साली बाटली घेऊ नका. किडीच्या औषधावर हा प्रयोग नको. अळी सहा ओळींत थांबत नाही.

एका शेताचा आकडा फसवू शकतो. म्हणून पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. वीस गावांच्या वह्या एकत्र ठेवू आणि मग दुकानदाराशी बोलू.