चार चौरस मीटर उन्हाचा हिशेब

(बडोद्यातील आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आज आम्ही एक ठराव मांडणार आहोत. त्याआधी एका मोटारीची हकीकत ऐकावी. आम्ही बँकेतले कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. यंत्रातले आम्हाला कळत नाही, पण जमाखर्च कळतो. आणि ही मोटार जमाखर्चावरच चालते.

ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३,००० किलोमीटरची सौर मोटारींची शर्यत १९८७ साली सुरू झाली. पहिली शर्यत जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीच्या गाडीने जिंकली. २००१ साली हॉलंडच्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी प्रथमच उतरले आणि पहिले आले. त्यांच्या मोटारीचे नाव 'नूना'. पुढे २००३, २००५ आणि २००७ सालीही डेल्फ्टच जिंकले. २००५ साली तर सरासरी वेग ताशी १०२ किलोमीटरच्या वर गेला.

आता हिशेब पाहा. २०१९ च्या शर्यतीत मुख्य गटाला सिलिकॉनच्या सौरघटांसाठी मिळालेली जागा ४ चौरस मीटर, म्हणजे मोठ्या पलंगाएवढी. भर दुपारी त्यातून मिळणारी वीज घरच्या इस्त्रीला जेमतेम पुरेल एवढी. ही झाली जमा. बॅटरी हे बचत खाते. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी पाचनंतर गाडी उभी असते, तेव्हा सौरघट सूर्याकडे वळवून खात्यात भर घालायची आणि ढग आले की काढायची. खर्चाची बाजू मात्र कठोर आहे. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते. उतावळेपणा करणाऱ्याचे खाते ढगाखाली रिकामे होते.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. डेल्फ्टची तुकडी दर शर्यतीला नवी असते. शिक्षण बाजूला ठेवून मुले गाडी आखतात, बांधतात, पुरस्कर्त्यांकडून पैसा उभा करतात, शर्यत लढवतात आणि सर्व काही पुढच्यांच्या हाती देऊन वर्गात परततात. वारशात नुसते चषक नसतात, अपयशही असते. २००९ आणि २०११ साली जपानच्या तोकाई विद्यापीठाने त्यांना हरवले. २०१३ साली नव्या मुलांनी ते यश परत आणले. २०१९ साली शेवटच्या दिवशी, सर्वांच्या पुढे असताना, नूना पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला, गाडी जळाली आणि बेल्जियमच्या ल्यूव्हेनची मुले जिंकली. २०२३ सालीही ल्यूव्हेनच. २०२५ साली डेल्फ्ट पुन्हा पहिले आले, तेही नव्या तुकडीनिशी.

आता आपल्या कार्यकारिणीची यादी पाहा. बारा वर्षे आम्हीच खजिनदार. "तरुण येत नाहीत" ही आपली नेहमीची तक्रार. पण गणपतीत खुर्च्या मांडायला आपण त्यांना बोलावतो आणि धनादेशावर सही करू देत नाही. मग त्यांनी यावे कशाला?

हे शहर असे नव्हते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते मुलांच्या हाती हत्यारे द्यायला. आज उमेदवार मते मागायला येतात, तेव्हा आपण सभागृहाला फरशी मागतो. या वेळी मुलांसाठी कार्यशाळा आणि यंत्रे मागू या. आपल्या मतांची तेवढी किंमत निश्चित आहे.

म्हणून ठराव असा: कोणीही एका पदावर दोन मुदतींपेक्षा अधिक राहू नये आणि खजिनदार तिशीच्या आतला असावा. सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या मुदत ठेवीचे नूतनीकरण आमच्या हातून वेळेवर झाले नाही आणि व्याज बुडाले. बँकेतल्या माणसाकडून असे व्हावे, याची लाज वाटते. तरी ती नोंद आम्ही वहीत ठेवली आहे. पुढच्याला चूकही कळली पाहिजे.

वही इथे टेबलावर आहे. तरुणांपैकी कोणीतरी पुढे येऊन उचलावी.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गुजरात!