गिरणीची झीज



पिठाच्या गिरणीचा दगड रोज थोडा झिजतो. पट्टा झिजतो. मोटार जुनी होते. आज एक लाखाला घेतलेली गिरणी पाच वर्षांनी कोणी एक लाखाला घेईल का? नाही घेणार. मग ही झीज म्हणजे धंद्याचा खर्चच झाला. सरकारही तो मानते. हिशेबात त्याला ‘घसारा’ म्हणतात.

घसारा नफ्यातून वजा होतो. उरलेल्या नफ्यावर आयकर धरतात. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती आहे.

आता आकडे मांडू. गिरणीसारख्या यंत्राला शेकडा १५ घसारा मिळतो. किंमत १,००,००० रुपये. पहिल्या वर्षी १५,००० वजा. राहिले ८५,०००. दुसऱ्या वर्षी घसारा ८५,००० वर, म्हणजे १२,७५०. असा तो दरसाल उतरत जातो. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरायचे. घेतल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले, तर त्या वर्षी निम्माच घसारा. दुकानाच्या इमारतीला शेकडा १०. जमिनीला मात्र काही नाही. जमीन कुठे झिजते?

कोणी म्हणेल, “मग माझा कर १५,००० नी कमी झाला!” तसे नाही. १५,००० नफ्यावरचा कर तेवढा वाचला. म्हणून कर वाचतो एवढ्यासाठी नको ते यंत्र घेऊ नये.

काही लहान धंदेवाले विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरतात. त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही.

आम्ही दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली, पक्के बिल घ्या. दुसरी, पैसे बँकेतून द्या. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरत नाहीत. मग झीज आपली होते आणि करही आपल्यालाच पडतो.

आता आपल्याला वाचता येते. बिल हाती आले की तिथेच वाचा. आपले नाव, तारीख, किंमत बरोबर आहे ना? मगच घरी या. बिल वहीत जपून ठेवा. गिरणी दळण दळते, पण तिचा हिशेब कागदच राखतो.