रोमची तारीख, आपलं नक्षत्र

२०२६ सालची दिनदर्शिका काढून बघा. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र. आंबेगावच्या कडेला, भीमाशंकरला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि तीनच दिवसांनी, १८ तारखेला बुधवारी, कॅथलिक चर्चमध्ये राखेचा बुधवार. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून ती राख केलेली असते. २०२२ साली तर महाशिवरात्र १ मार्चला होती आणि राखेचा बुधवार दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला.

हा योगायोग नाही. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार ईस्टरचा. आता २१ मार्चनंतरची पौर्णिमा आपल्या पंचांगात कुठली? बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती. एखाद्या वर्षी फाल्गुनातली होळी पौर्णिमा. २०२४ साली होळी झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला, ईस्टर आला. चर्चची पौर्णिमा आकाशात बघून नव्हे, तर कोष्टकावरून काढतात, त्यामुळे कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण चंद्र एकच आहे. ईस्टरपासून, मधले रविवार धरून, सेहेचाळीस दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार येतो आणि चैत्री पौर्णिमेच्या दीड महिना आधी महाशिवरात्र असते. म्हणून ही दोन व्रतं सहसा एकाच आठवड्यात येऊन पडतात.

विषय आहे कॅथलिक उपासना दिनदर्शिका आणि तिला त्या त्या मुलखात मिळालेलं वळण. ही दिनदर्शिका रोममध्ये ठरते. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर आणि मधला लांबलचक सामान्यकाळ, हा तिचा सांगाडा जगभर सारखाच. पण तिच्यात जे ऋतू गृहीत धरलेले आहेत, ते इटलीचे आहेत. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जातो, ही गोष्ट ती बांधणाऱ्यांच्या गावीही नव्हती. मग ही दिनदर्शिका आपल्या पावसात कशी रुळली?

आधी चैत्राचंच घेऊ. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात आणि जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू होतो. यात्रा म्हटली की पाहुणे आले आणि बऱ्याच गावांत मटणाचं जेवणही आलं. आता २०२३ ची हनुमान जयंती बघा, ६ एप्रिल. त्या दिवशी कॅथलिकांचा पवित्र गुरुवार होता. म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाचं स्मरण, आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, कडक उपवासाचा, मांस वर्ज्य असलेला. २०२६ लाही तेच, २ एप्रिल. पौर्णिमेच्या सुमाराला ज्या गावची यात्रा, तिथल्या ख्रिस्ती घराला वर्षातलं सगळ्यात मोठं सुतक आणि गावातली सगळ्यात मोठी मजा एकाच आठवड्यात सांभाळावी लागते. यावर रोमच्या कुठल्याही ग्रंथात तोडगा नाही. तो घरातली आजी काढते.

चंद्रावर चालणारे सण असे. बाकीचे बरेचसे सण ठरलेल्या तारखांना येतात, म्हणजे सूर्यावर चालतात. इथे आपल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पटकन कळेल. आपले सणवार तिथीवर, म्हणून मागेपुढे होतात; पण पावसाची नक्षत्रं सूर्याची, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. तेव्हा चर्चच्या ठरलेल्या तारखा तिथीशी जुळवायच्याच नाहीत, नक्षत्राशी जुळवायच्या. तशा त्या लावून पाहिल्या की कोकणपट्टीतल्या लोकांनी चारशे वर्षांत काय केलं, ते उलगडत जातं.

२४ जून, संत योहान बाप्तिस्ताचा जन्मदिन. युरोपात हा ऐन उन्हाळ्यातला, सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपासचा सण. तिकडे रात्री होळ्या पेटवतात. गोव्यात त्या तारखेला आर्द्रा लागून दोन-तीन दिवस झालेले असतात. होळी पेटणार कशी? तर गोवेकरांनी आग सोडून पाणी घेतलं. सांजांवच्या, म्हणजे या सणाच्या, दिवशी पोरं डोक्याला पानाफुलांचे कोपेल बांधतात आणि भरलेल्या विहिरींत उड्या मारतात. जावयाचा मान होतो, फणस-अननसाची रेलचेल असते. बायबलमध्ये योहानानं आईच्या उदरात उडी मारल्याचा उल्लेख आहे. लोक विहिरीतल्या उडीचा अर्थ तोच सांगतात. अर्थ नंतर जोडला की आधी होता, यावर वाद घालायची गरज मला वाटत नाही. विहीर त्याच आठवड्यात भरते, एवढं मात्र खरं. पुढे पाच दिवसांनी, २९ जूनला, संत पेत्राचा सण. पेत्र हा कोळी. पावसामुळे समुद्रावरची मासेमारी थांबलेली असते, तेव्हा गोव्यातले मच्छीमार होड्या जोडून, त्यांवर सजावट करून सांगोड काढतात.

आणि ऑगस्टची ५ तारीख तर मला फारच आवडते. रोमच्या दिनदर्शिकेत हा दिवस हिमवर्षावाशी जोडलेला आहे. ऐन उन्हाळ्यात रोमच्या एका टेकडीवर बर्फ पडलं आणि तिथे मरियेचं मंदिर उभं राहिलं, अशी आख्यायिका. गोव्यात साष्टीतल्या राय गावचं चर्च याच हिमांच्या मातेचं. तिथे ५ ऑगस्टला, आश्लेषाच्या पावसात, भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आणतात आणि आशीर्वाद घेतात. कणसांचं फेस्त ते. ताळगावात हाच सण २१ ऑगस्टला होतो. बर्फाच्या तारखेला भात! रोमला याची कधी हरकत वाटली नाही, हे त्यांच्या शहाणपणाचंच म्हणायला हवं.

उत्तरेला मुंबई-वसईकडे आलं की पीक उशिरा तयार होतं. म्हणून मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा आगेरा, म्हणजे सुगीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नक्षत्र लावून बघा, हस्त. हत्तीचा पाऊस कधी गडगडून येईल आणि उभं भात झोपवील याची धास्ती असते, त्याच दिवसांत भाताच्या पेंढ्या मिरवत चर्चमध्ये नेतात. आज मुंबईत फारशी शेतं उरली नाहीत, सण मात्र उरला.

आता अधिकृत बाजू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा जो दस्तऐवज काढला, त्यात लोकांची भाषा आणि लोकांच्या चालीरीती यांना दार उघडलं. मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होऊ लागली ती त्यानंतर. १९६९ साली सुधारित दिनदर्शिका आली आणि १९७० पासून लागू झाली. त्याच १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांच्या परिषदेला बारा गोष्टींची परवानगी मिळाली. पादत्राणं काढून मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, समई, आरती, असं सगळं त्यात होतं. काहींना ते फार वाटलं, काहींना फार थोडं.

दिनदर्शिकेत भारतासाठी काय बदललं? मुख्यत्वे संत वाढले. वसईचा संत गोन्सालो गार्सिया घ्या. वसईत जन्मला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकी इथे क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत तो. जगाच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला ‘पॉल मिकी आणि सोबती’ असं लिहिलेलं असतं. आपला वसईकर त्या सोबत्यांत दडलेला. भारताच्या दिनदर्शिकेत मात्र त्या तारखेला त्याचं नाव ठळक येतं. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर इतरत्र साधा स्मरणदिन, आपल्याकडे महोत्सव.

उलटा प्रवासही एकदा झालाय. संत थॉमसचा सण रोममध्ये पूर्वी २१ डिसेंबरला असे. केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांची तारीख ३ जुलै. १९६९ च्या सुधारणेत रोमनं आपली तारीख सोडली आणि सुरियानी परंपरेची ३ जुलै घेतली. जगभर आज तीच पाळतात. याच केरळी सीरो-मलबार परंपरेची कुटुंबं पुणे-पिंपरीतही आहेत आणि ती उपवासकाळ बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू करतात. म्हणजे एकाच शहरात दोन कॅथलिक दिनदर्शिका, पोपना दोन्ही मान्य.

पण ऋतूंचं काय? जुन्या रोमन दिनदर्शिकेत वर्षातून चार वेळा, बुधवार-शुक्रवार-शनिवार असे उपवास होते, चार ऋतूंचे. शिवाय ईस्टरनंतर, स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस, शेतातून मिरवणूक काढून पिकासाठी प्रार्थना. युरोपात तेव्हा पीक वाढीला लागलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलअखेर किंवा मे. रान नांगरून तापत पडलेलं, ढेकळं फुटायची वाट बघणारं. त्या रानातून पिकासाठी मिरवणूक काढायची म्हणजे गंमतच. १९६९ च्या नियमांनी हे ओळखलं आणि हे दिवस कधी पाळायचे, कसे पाळायचे, ते त्या त्या देशाच्या बिशप परिषदेवर सोपवलं. जागा मोकळी ठेवली.

ती जागा किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्या परीनं केव्हाच भरली होती. घाटमाथ्यावर आणि देशावर काय झालं? आळेफाट्यावरून संगमनेरमार्गे पूर्वेला गेलात तर श्रीरामपूरजवळ हरेगाव लागतं. साखर कारखान्याचं जुनं गाव. तिथे सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते, ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिनाच्या सुमाराला. आधी नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना, मग यात्रा. गावोगावचे मराठी ख्रिस्ती भाविक येतात, नवस बोलतात, फेडतात, पाळणे लागतात, खेळण्यांची दुकानं लागतात. याच सणाला वांद्र्याच्या मोतमाऊलीचीही जत्रा भरते. हरेगावला कणसं नाहीत, पेंढ्या नाहीत. देशावरच्या माणसानं चर्चच्या सणाला सुगी जोडली नाही, यात्रा जोडली. मला हे अगदी देशावरचं वाटतं. आपल्याकडे देवाची भेट चालत जाऊन, गर्दीत, उन्हातान्हात घ्यायची असते.

तरीही सुगीच्या आभाराचा एखादा दिवस इथे असावा, असं मला वाटतं, आणि तो किनाऱ्यावरून उसना आणू नये. जुन्नर आणि आंबेगाव पुणे धर्मप्रांतात येतात. या धर्मप्रांतानं समजा असा दिवस ठरवायचा म्हटलं, तर ऑक्टोबरचा पहिला रविवार चालेल का? पूर्वेकडे बाजरी तेव्हा खळ्यावर आलेली असेल. पश्चिमेला आहुपे, आपटाळ्याच्या बाजूला भात अजून उभंच असेल, ते दिवाळीच्या आगेमागे, हस्त-चित्रा सरल्यावर कापणार. नारायणगावच्या द्राक्षवाल्याची तर तेव्हा छाटणी चालू असेल, त्याची तोड उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे थेट उपवासकाळात. कांदेवाल्याचं आणखी वेगळं. दोनच तालुके, आणि सुगीच्या तारखा चार. बिशप परिषदेला पूर्ण देशासाठी एक तारीख ठरवणं किती अवघड, याचा अंदाज इथेच येतो. मग तो दिवस धर्मग्रामावरच, म्हणजे त्या त्या चर्चच्या वस्तीवरच, सोपवावा. ज्या वस्तीचं जे पीक, ते घरात आलं की पुढचा रविवार. नियमांनी मोकळी ठेवलेली जागा एवढ्यासाठी पुरेशी आहे.